बालविभाग आणि मोठ्यांचं कपाट यांच्या मधल्या मुली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. आजकालच्या मुली रक्त पिणाऱ्या आणि लांडगा होणाऱ्या पोरांच्या इंग्रजी प्रेमकथा वाचतात, वाचनालयंही त्यांना ती पुस्तकं देतात, हे थांबवून मुलींच्या हाती थोरांची चरित्रं द्यावीत, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांची कळकळ मला समजते. चरित्रं मीही आवडीनं वाचते आणि देते. पण ज्या मुलींबद्दल ते लिहितात त्या रोज संध्याकाळी माझ्या टेबलासमोर उभ्या असतात. त्यांची बाजूही छापून यावी असं मला फार वाटतं, म्हणून हे पत्र. लांबलं आहे, पण जमलं तर पूर्ण छापावं.

मी कोल्हापुरातल्या एका पेठेत 'क' वर्गाच्या (सरकारी वर्गवारी 'अ' ते 'ड' अशी असते) सार्वजनिक वाचनालयात देवघेव विभाग सांभाळते. नव्या पुस्तकावर दाखलअंक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला त्याचा क्रमांक, घालणं, कव्हर चढवणं, सुटलेली पानं चिकटवणं, वर्गणीच्या पावत्या फाडणं हे माझं काम. शिवाय कोण काय वाचतं, कुणाचं वाचन कुठे अडलं, हे लक्षात ठेवणं. हे शेवटचं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं तेच.

आमच्याकडे बालविभाग चांगला आहे. इसापनीती, पंचतंत्र, चित्रांची पुस्तकं, बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेल्या 'किशोर'चे बांधून ठेवलेले अंक. मुलं सातवी-आठवीपर्यंत तिथे रमतात. त्याच्या पुढचं कपाट एकदम मोठ्यांचं. ऐतिहासिक कादंबऱ्या, आत्मचरित्रं, पाककृती, आरोग्य, स्पर्धा परीक्षा. मी पाहिलेल्या बहुतेक लहान वाचनालयांत हीच मांडणी आहे. तेरा ते अठरा या वयाच्या मुलीसाठी मधे काहीही नाही. अंगात बदल होत असतात, घरी येण्याजाण्याच्या वेळा आवळल्या जातात, कुणीतरी आवडायला लागतं आणि ते कुणाला सांगता येत नाही. नेमक्या त्या वर्षांत आम्ही तिला सांगतो की तुझ्यासाठी लिहिलेलं इथे काही नाही. मग ती जाते. पूर्वी गेलेली मुलगी परत यायची ती लग्न होऊन, स्वतःच्या मुलाचा हात धरून, पुन्हा बालविभागातच.

गेल्या काही वर्षांत मात्र या वयाच्या मुली परत यायला लागल्या आहेत, आणि येतात त्या हीच पुस्तकं मागत. यंग ॲडल्ट फँटसी (कुमारवयीनांसाठीच्या अद्भुत कथा) आणि पॅरानॉर्मल रोमान्स (माणूस नसलेल्यांशी जडणाऱ्या प्रेमाच्या कथा) हे शब्द मी त्यांच्याकडूनच ऐकले. टिकटॉक आपल्याकडे २०२० मध्ये बंद झालं, पण इन्स्टाग्रामच्या रील्सवर पुस्तकांची चर्चा चालते, तिथून त्यांना नावं कळतात. वहीच्या मागच्या पानावर नावं लिहून आणतात. "काकू, ह्यातलं एक तरी आहे काय?"

ज्यांनी ही पुस्तकं हातात घेतली नाहीत त्यांना सांगते, ती साधारण कशी असतात. गोष्ट सांगणारी बहुधा सोळा-सतरा वर्षांची, 'मी' म्हणून बोलणारी. घर बदललेलं असतं, शाळा नवी असते, आईबाप वेगळे झालेले किंवा दोघांतलं एक गेलेलं असतं. तिला कुणीतरी भेटतं जे माणूस नाही, किंवा तिला कळतं की आपल्यातच काहीतरी वेगळं आहे. पुढे लढाया, शाप, राज्यं, प्रेम. प्रत्येक जगाचे स्वतःचे कायदे असतात. जादू वापरली तर काय द्यावं लागतं, उंबरा कोण ओलांडू शकतं, शपथ मोडली तर काय होतं, हे सगळं ठरलेलं असतं आणि मुली ते तोंडपाठ करतात. बऱ्याच पुस्तकांत परीलोकातल्या लोकांना खोटं बोलता येत नाही. त्यामुळे ते शब्द फिरवून, अर्धं सांगून फसवतात. दहावीतली एक मुलगी मला म्हणाली, "काकू, तो काय बोललाय ते नाही, काय बोललेला नाही ते बघायचं असतंय." मराठीच्या तासाला यापेक्षा बारकाईनं वाचायला शिकवता येतं असं मला वाटत नाही.

आता रक्त पिणाऱ्या मुलाबद्दल, कारण ज्येष्ठ वाचकांचा मुख्य आक्षेप तोच आहे. तो बहुधा स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट' मालिकेतला. पहिलं पुस्तक २००५ मध्ये आलं, चौथं २००८ मध्ये. म्हणजे आज वाचणाऱ्या काही मुली तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, तरी अजून मागतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स नावाचं गाव, जिथे पाऊस थांबत नाही. (हे आमच्या मुलींना समजवावं लागत नाही, त्यांच्यातल्या एकीचं आजोळ धो धो पावसाच्या गगनबावड्याला आहे.) नायिका बेला तिथे बापाकडे राहायला येते आणि वर्गातल्या एडवर्डच्या प्रेमात पडते. एडवर्ड व्हॅम्पायर आहे. १९१८ च्या स्पॅनिश फ्लूच्या साथीत तो मरणाच्या दारात असताना त्याला व्हॅम्पायर केलं गेलं, आणि तेव्हापासून तो सतरा वर्षांचाच राहिला. त्याच्या घरातले लोक माणसाचं रक्त पीत नाहीत, जनावरांवर भागवतात. तहान असूनही स्वतःला आवरणारा मुलगा, हा त्या गोष्टीचा गाभा आहे. मुलींना तो का भावतो हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. आपल्यावर हक्क गाजवू शकणारा कुणीतरी स्वतःला आवरतो, हे त्यांना बघायचं असतं.

पण हे एवढ्यावर सोडलं तर मी अर्धंच सांगितलं असं होईल.

मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी असलेले एक गृहस्थ हेच पुस्तक घेऊन माझ्याकडे आले होते. काळ्या कव्हरवर दोन हातांत धरलेलं लाल सफरचंद. "म्याडम, हे असलं काय वाचाय देताय पोरीस्नी?" मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अख्खी गोष्ट सांगितली. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "१९१८ पासनं सतराचाच म्हणताय. म्हणजे शंभरी ओलांडलेला की हो हा! आणि पोरगी खरोखरची सतराची. हे मला पटत नाही बघा." मी म्हटलं, दादा, पुस्तक काढून घेऊ नका, हीच गोष्ट घरी जाऊन मुलीला अशीच विचारा. त्यांनी विचारलं. बापलेकीत त्यावर दोन दिवस वाद झाला, आणि तो वाद घेऊन ती मुलगी आमच्या रविवारच्या बैठकीला आली.

रविवारी दुपारी देवघेव बंद असते पण वाचनकक्ष उघडा असतो. तिथे या मुली जमतात. मी मुद्दाम काही ठरवलेलं नाही, चहा मी करते एवढंच. त्या दिवशी वयावरून सुरू झालेलं बोलणं एका प्रसंगावर आलं. एडवर्ड बेलाच्या खोलीत रात्री तिच्या नकळत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. तिला नंतर कळतं तेव्हा तिला त्यात राग येण्यासारखं काही वाटत नाही. एक म्हणाली, किती गोड. दुसरी म्हणाली, गोड कसलं, न विचारता आला म्हणजे चोरच. तिसरी म्हणाली, पण तो तिचं रक्षण करायला येतो. यावर बराच वेळ जुंपली. मग कोपऱ्यात बसलेली एक मुलगी, जी एरवी फारसं बोलत नाही, ती म्हणाली की क्लास सुटतो तिथे एक जण रोज गाडी घेऊन थांबतो, घराच्या बोळापर्यंत मागे येतो, आणि म्हणतो की मला तुझी काळजी वाटते म्हणून येतो.

सगळ्या गप्प झाल्या. कुणी तिला 'मग तू आधी का नाही सांगितलंस' असं विचारलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. दुसऱ्या दिवसापासून दोघीजणी तिच्याबरोबर चालत जायला लागल्या. मी तिच्या घरी जाऊन आईशी बोलले, पुढे जे करायचं ते तिच्या घरच्यांनी नीट केलं. तिची ओळख लागेल असं मी इथे काही लिहीत नाही, आणि हे लिहू का असं तिला विचारूनच लिहिलं आहे.

ज्येष्ठ वाचकांना मला हे सांगायचं आहे की त्या मुलीला थोरांच्या चरित्रात हे बोलायला जागा सापडली नसती. कुणी समोर बसवून "तुला कुणी त्रास देतं का" असं विचारलं असतं तर ती "नाही" म्हणाली असती. बेलाबद्दल बोलता बोलता ती स्वतःबद्दल बोलली. त्या पुस्तकातला तो प्रसंग मला आवडत नाही. तो चांगला आहे असं मी मुलींना कधी सांगणार नाही. पण पुस्तक कपाटात कुलूप लावून ठेवलं असतं तर त्यांनी ते फोनवर एकटीनं वाचलं असतं, आणि 'किती गोड' इथेच विषय संपला असता. चारजणींत वाचलं म्हणून दुसरं मत ऐकायला मिळालं.

दुसरा आक्षेप, की ही सगळी परकी भुतं आहेत. कोल्हापुरात बसून हे म्हणणं मला जड जातं. या शहराच्या नावामागे लोक कोल्हासुर दैत्याची कथा सांगतात. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या डोंगरावर जाते, ती का? कामाक्ष दैत्यानं योगदंडाच्या जोरावर देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं, त्र्यंबोलीनं, म्हणजे आपल्या टेंबलाईनं, त्याला मारून सगळ्यांना सोडवलं, आणि विजयाच्या सोहळ्याला तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली, शहराकडे पाठ करून डोंगरावर जाऊन बसली. अंबाबाई स्वतः तिची समजूत काढायला निघाली. आणि दर वर्षी तिथे दैत्य म्हणून कोहळा फोडला जातो तो कुमारिकेच्या हातून. कोवळ्या मुलीच्या हातात त्रिशूळ देऊन दैत्य मारायला लावणारं हे गाव. आपल्या मुलींना हातात खंजीर घेतलेली, शापाशी झुंजणारी नायिका आवडली तर त्यात परकं काय आहे?

साहित्यातही हेच. वि. स. खांडेकर कोल्हापूरचे, त्यांची 'ययाती' १९५९ ची, तिच्यासाठी १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या, शाप देऊन तरुणाला म्हातारा करणारा शुक्राचार्य, मुलाचं तारुण्य मागून घेणारा बाप, आणि या सगळ्याच्या मधे देवयानी, शर्मिष्ठा आणि कच. न संपणाऱ्या तारुण्याची हाव आणि प्रेम, याच दोन गोष्टींभोवती ती सगळी कादंबरी फिरते. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय' लिहिली, १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा ते ऐन पंचविशीच्या पुढेमागे होते. कवचकुंडलं घेऊन जन्मलेला मुलगा, आपण कोण हेच माहीत नसलेला. आणि ती कादंबरीही 'मी' म्हणूनच सांगितलेली आहे, कधी कर्ण, कधी कुंती, कधी दुर्योधन, कधी वृषाली. आमच्या रविवारच्या मुलींपैकी दोघींनी ती या इंग्रजी पुस्तकांच्या नंतर वाचली, कारण मी त्यांना सांगितलं की इथेही दर भागात बोलणारं माणूस बदलतं. त्यांनी ती पालथी घातली. रक्तपिपासू म्हणाल तर नारायण धारपांच्या 'लुचाई' या भयकादंबरीनं ते मराठीत आणून कितीतरी वर्षं झाली. आमच्याकडची धारपांची पुस्तकं इतकी हाताळली गेली आहेत की बांधणी तिसऱ्यांदा करायला टाकली आहे.

म्हणून मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. रोशनी चोक्शी या अमेरिकी लेखिकेनं २०१८ मध्ये एक गोष्ट लिहिली. अटलांटातल्या एका संग्रहालयात आईबरोबर राहणारी बारा वर्षांची आरू शहा शाळेतल्या मुलांसमोर फुशारकी मारण्यासाठी, लावू नये असा दिवा लावते आणि झोपलेलं संकट जागं होतं. मग कळतं की पांडव या जन्मी मुली होऊन आले आहेत, आणि त्यातली एक ही. आमच्या एका मुलीनं ते वाचून मला विचारलं, "काकू, हे आपल्यातलं कुणी का नाही लिहिलं?" तिच्या डोळ्यांसमोर अटलांटा नव्हतं, इथल्या न्यू पॅलेस राजवाड्यातलं संग्रहालय होतं, सहलीला बघितलेलं. मराठी लेखक-लेखिकांना माझी हात जोडून विनंती आहे की या प्रश्नाचं उत्तर द्या. बारा-तेरा वर्षांपर्यंतच्यांसाठी आपण लिहितो, मोठ्यांसाठी लिहितो. सोळा वर्षांच्या मुलीला 'मी' म्हणता येईल अशी, तिच्या शहरात घडणारी अद्भुत कादंबरी लिहा. उपदेश करू नका, तो त्यांना पहिल्या पानावरच ओळखता येतो.

त्या स्वतः लिहायला लागल्या आहेत, हेही सांगते. पंचगंगेकाठच्या चिखली गावाच्या बाजूची एक मुलगी आहे. २०१९ च्या महापुरात त्यांचं घर पाण्यात होतं, जनावरं सोडून द्यावी लागली. पंचगंगेचं पाणी ३९ फुटांना इशारा पातळी गाठतं आणि ४३ ला धोका पातळी, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण त्या दिवसांबद्दल ती कधी बोलायची नाही. शाळेत 'महापुराचे मनोगत' असा निबंध आला होता तो तिनं कोरा सोडला होता. गेल्या पावसाळ्यात तिनं मला एक वही दाखवली. पहिल्या पानावर नकाशा, तिच्या त्या फँटसीच्या पुस्तकांत असतो तसा. पंचगंगा ज्यांची मिळून होते त्या पाच नद्यांचं राज्य. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती. चार नद्या सगळ्यांना दिसतात. पाचवी फक्त पुराच्या रात्री उघडते आणि जे बुडालं ते तिच्या तळाशी जसंच्या तसं असतं. तिची नायिका आपली म्हैस शोधायला खाली उतरते. मी ती वही टेबलाशी बसून वाचली आणि मला पुढे काम सुचेना. निबंधात जे लिहिता आलं नाही ते तिला राज्य, नकाशा आणि गुप्त नदी घेऊन लिहिता आलं. ही वाट तिला कुणी दाखवली? त्याच पुस्तकांनी.

आता पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण इथे डोळे झाकून चालत नाही. या नावाखाली दुकानात आणि फुटपाथवर जे मिळतं ते सगळं सोळा वर्षांच्या मुलींसाठी नाही. पुस्तकाला चित्रपटासारखं प्रमाणपत्र नसतं. सारा जे. मास यांच्या परीलोकाच्या मालिकेचं पहिलं पुस्तक २०१५ मध्ये कुमारवयीनांच्या विभागात आलं, पण पुढे पुढे त्यातले शय्याप्रसंग इतके उघड होत गेले की २०२० मध्ये नवी कव्हरं घालून ती मालिका प्रौढांच्या विभागात हलवली गेली. २०२३ मध्ये आलेली रिबेका यारोस यांची ड्रॅगनवर बसून लढणाऱ्या मुलीची कादंबरी, जिच्यासाठी सध्या सगळ्यांत जास्त विचारणा होते, ती मुळातच मोठ्यांसाठी आहे. नायिका वीस वर्षांची. ती मला स्वतःला फार आवडली. लेखिकेला सांध्यांचा आजार आहे आणि तिची नायिकाही तशीच, सांधे निखळणारी, सगळ्यांनी 'ही टिकणार नाही' म्हणून सोडून दिलेली. पण ती मी अकरावीतल्या मुलीला देत नाही. तुला अठरा झाल्यावर दाखलअंक सांगून ठेवते, असं म्हणते, आणि मुली ऐकतात. कारण मी स्वतः वाचून बोलते हे त्यांना माहीत आहे. न वाचता सगळ्यालाच वाईट म्हटलं तर त्या कुठलंच ऐकणार नाहीत.

हे वाचून ठरवण्याचं काम वाचनालयानं करायचं आहे. पालकांना वेळ नसतो, सगळ्यांना इंग्रजी येतं असंही नाही, आणि दुकानदाराला ते जमणार नाही. पण त्यासाठी पुस्तकं आधी वाचनालयात यायला हवीत. या बाबतीत आमच्याकडची अवस्था सांगते. इंग्रजी पुस्तक चारशे-पाचशेच्या खाली येत नाही. अनुदान आणि वर्गणी यांत बसवायचं म्हटलं की ग्रंथनिवड समितीत पहिली काट या पुस्तकांवर बसते. घेतलंच तर एखादं घेतात. मालिकेतलं एकच पुस्तक घेणं म्हणजे वाचकाला जिन्याच्या मधल्या पायरीवर सोडून देणं. आमच्याकडे एका मालिकेचा दुसरा भाग आहे, पहिला नाही. दुसऱ्या मालिकेचे पहिले दोन आहेत आणि तिसरा नाही. दुसरा भाग तर नायिकेला कैद झाल्यावर संपतो. तीन आठवडे वाट बघून मुलगी काय करणार? टेलिग्रामवरून पीडीएफ उतरवते, किंवा रस्त्यावरची बनावट प्रत घेते, जिच्यात मधली सोळा पानं दोनदा आणि पुढची सोळा गायब. लेखकाला त्यातून काही मिळत नाही, आणि काय वाचते आहे हे कुणालाच कळत नाही. मराठी माध्यमातल्या मुलींचं तर आणखी कठीण. एका हातात पुस्तक, एका हातात फोनवरची डिक्शनरी. 'हॅरी पॉटर' मराठीत आलं तेव्हा आमच्याकडे नंबर लागायचे, हे आपल्या प्रकाशकांनी लक्षात ठेवावं. सोळा-सतरा वयासाठीच्या चांगल्या फँटसी मालिका मराठीत आणल्या, आणि पहिल्या भागावर न थांबता शेवटापर्यंत आणल्या, तर वाचणाऱ्या मुली इथे तयार आहेत.

ग्रंथालयांच्या बाबतीत कोल्हापूरनं मागे राहावं हे मला सहन होत नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. आणि भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये झाला तो आपल्या कोल्हापूर संस्थानात, अख्ख्या महाराष्ट्राचा कायदा यायला १९६७ उजाडलं. ज्या गावानं वाचनालय हा कायद्याचा विषय आहे हे देशात सगळ्यांच्या आधी मानलं, त्या गावाच्या वाचनालयांत कुमारवयीन मुलींसाठी एक स्वतंत्र कपाट नसावं? माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक वाचनालयात, 'अ' वर्गाच्या असो की 'ड' वर्गाच्या, बालविभाग आणि मोठ्यांचा विभाग यांच्या मधे एक कपाट ठेवा. त्यावर 'कुमार' लिहा की 'युवा', मला फरक पडत नाही. त्यात ही पुस्तकं ठेवा, त्यांच्याच शेजारी 'ययाती' आणि 'मृत्युंजय' ठेवा, धारप ठेवा. मालिका घ्याल तर पूर्ण घ्या, नाही तर घेऊ नका. आणि देवघेवीला बसणाऱ्या माणसाला ती वाचायला वेळ द्या. मुलगे ती वाचत नाहीत असं कुणी समजू नये. आमच्याकडे एक मुलगा बहिणीसाठी म्हणून नेतो, आणि त्याची बहीण आमची सभासदच आहे, ती स्वतंत्र नेते.

ज्येष्ठ वाचकांना आमच्या रविवारच्या बैठकीला येण्याचं मनापासून आमंत्रण आहे. आपल्या संपादकीय विभागाकडे माझा पत्ता आहे. त्यांनी आवडीचं एखादं चरित्र घेऊन यावं आणि मुलींना सांगावं की ते का आवडलं. मुली ऐकतील, मग त्यांचं म्हणणं मांडतील.

आणि शेवटी सर्व वाचकांना एक विनंती. मुलं शिकायला पुण्याला, बंगळूरला गेली की त्यांच्या खोलीतली ही पुस्तकं रद्दीत जातात. ती जवळच्या कुठल्याही वाचनालयात द्या, आमच्याकडेच असं नाही. देताना मालिकेचे सगळे भाग आहेत का बघा, एखादा मित्रमैत्रिणीकडे राहिला असेल तर मागवून घ्या. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी मिळाली तर दाखलअंक घालून, कव्हर चढवून ती सुट्टीत मुलींना देता येतील.

आपली,
वाचनालयातील देवघेव विभागात काम करणारी एक वाचक, कोल्हापूर

(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)